कुबड्यांवरचा फुटबॉल : पाथर्डी फाटा ते मलबार

अपघातानंतर दहा महिन्यांनी कृत्रिम पाय लावून मी कामावर हजर झालो, तेव्हा गेटवरचे काका म्हणाले, "साहेब, कळतसुद्धा नाही हो!" ते मनापासून बोलले आणि मलाही बरं वाटलं. पुढे हेच वाक्य लग्नात, बारशाला, भाजीबाजारात ऐकत राहिलो. होता होता माझी सगळी मेहनत त्या एका वाक्यासाठीच चालू आहे असं होऊन बसलं. पॅंट कायम लांब. दारावरची बेल वाजली की आधी पाय चढवायचा, मग दार उघडायचं. माझ्या सख्ख्या बहिणीनेही दीड वर्ष माझ्या कापलेल्या पायाचा उरलेला भाग उघडा पाहिला नव्हता.

अपघात जुलै २०२१ चा. विल्होळीजवळ महामार्गावर, पावसात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, एवढं पुरे. एक सांगायला हवं, मी उजव्या पायाने खेळणारा. नाशिकरोडला वाढलो. तिथे आमच्या गल्लीत क्रिकेटइतकाच फुटबॉल चालायचा. कॉलेजपर्यंत खेळलो, नंतर नोकरी लागली आणि रविवारपुरता खेळ उरला. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर फुटबॉलचा विचार मनात आला नव्हता. तो आला महिनाभराने. अंबडच्या रस्त्यावर पोरं खेळत होती, चेंडू रिक्षापाशी घरंगळत आला आणि माझा नसलेला पाय आपसूक पुढे सरसावला. ते मला नीट जाणवलं. मांडीपासून खाली सगळं हललं, आणि खाली काहीच नव्हतं.

९ ऑक्टोबर २०२२ ला कोजागिरी होती. सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं, गाणी चालली होती. मी कठड्याला टेकून खुर्चीत बसलो होतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर कामावरच्या मित्राने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. सोबत एकच ओळ, "हे बघ आणि मला फोन कर." इस्तंबूलमध्ये त्याच दिवशी झालेला ॲम्प्युटी फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना होता तो. तुर्कस्तान विरुद्ध अंगोला. तुर्कस्तानने ४-१ असा जिंकला.

निकाल मला नंतर कळला. आधी दिसलं ते वेगळंच. मैदानावर एका पायाची माणसं धावत होती. धावत होती म्हणजे खरोखर धावत होती, आपण मैदानावर धावतो तशी. दोन्ही हातांत कुबड्या, मध्ये एक पाय, आणि चड्डीची दुसरी बाजू गाठ मारलेली किंवा मोकळी फडफडणारी. एकाच्याही अंगावर कृत्रिम पाय नव्हता. आणि स्टेडियममध्ये हजारो लोक उभे राहून ओरडत होते. हळहळण्याचा सूर त्यात कुठेच नव्हता. गोल झाल्यावर माणसं जशी ओरडतात तसं ते ओरडणं होतं. दूध घ्यायला बायको हाक मारत होती, "अहो, निवून चाललंय." मी उठलो नाही. तो सामना मी त्या रात्री दोनदा पाहिला.

मग नियम शोधत बसलो. एका बाजूला सात खेळाडू. सहा मैदानात, एक गोलकीपर. मैदानातल्या सहा जणांचा एक पाय नसतो, गोलकीपरचा एक हात. कृत्रिम पाय लावून खेळायची परवानगीच नाही. कुबडीने चेंडू मुद्दाम अडवला किंवा ढकलला तर तो हँडबॉलसारखाच दोष. उरलेल्या अर्ध्या पायानेही चेंडू खेळायचा नाही. गोलकीपरने आपली पेटी, म्हणजे गोलसमोरचा आखलेला चौकोन, सोडायची नाही. ऑफसाइड नाही. थ्रो-इनच्या जागी चेंडू पायाने आत घ्यायचा, कारण फेकायचा म्हटलं तर दोन्ही कुबड्या ठेवाव्या लागतील. घसरून टॅकल करायला बंदी. मैदान नेहमीपेक्षा बरंच लहान, फार तर ६० बाय ४० मीटर. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव. पंचवीस मिनिटं ऐकायला कमी वाटली होती. पुढे पहिल्यांदा सलग चार मिनिटं खेळलो, तेव्हा पंचवीस म्हणजे काय ते समजलं.

हा खेळ सुरू झाला अमेरिकेत सिएटलला, १९८० च्या सुमारास. डॉन बेनेट नावाच्या गृहस्थांचा पाय होडीच्या अपघातात गेला होता. घरासमोर कुबड्यांवर उभे असताना त्यांनी समोर आलेल्या बास्केटबॉलला लाथ मारली आणि तिथून कल्पना निघाली. पण खेळ वाढला तो जिथे माणसांचे पाय जास्त गेले तिथे. सिएरा लिओनमध्ये यादवी युद्धात हातपाय तोडले गेलेल्या तरुणांनी संघ उभे केले. अंगोलात भूसुरुंगांनी पिढीच्या पिढी पांगळी केली, आणि त्याच अंगोलाने २०१८ मध्ये मेक्सिकोत तुर्कस्तानला पेनल्टीवर हरवून विश्वचषक जिंकला. म्हणजे मी कोजागिरीला पाहिला तो तुर्कस्तानचा परतीचा हिशोब होता. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माझा पाय एका ट्रेलरखाली गेला. त्या पोरांचे पाय शेतात जाताना, शाळेत जाताना गेले.

दुसऱ्या आठवड्यात सर्जिकलच्या दुकानात गेलो. माझ्याकडे काखेतल्या कुबड्या होत्या, हॉस्पिटलातून मिळालेल्या. त्यांच्यावर खेळता येत नाही. काखेत भार गेला की हाताला मुंग्या येतात आणि खांदे अडकून राहतात. लागतात त्या कोपराच्या कुबड्या, ज्यांचं कडं कोपराखाली हाताला धरतं आणि मूठ खाली असते. ॲल्युमिनिअमची जोडी साडेबाराशेला मिळाली. दुकानदाराने विचारलं, "पेशंटची उंची किती?" म्हटलं, पेशंट मीच. त्याने माझ्या दोन्ही बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "कळत नाही हो."

या कुबड्या चालण्यासाठी बनवलेल्या असतात. वरची नळी आणि खालची नळी, मध्ये उंची बदलायला भोकं आणि एक स्प्रिंगचं बटण. चालताना ठीक. धावायला लागलो की दोन नळ्यांमध्ये खडखड. तीन दिवसांत भोक लांबट झालं. चौथ्या दिवशी बटण आत गेलं आणि मी पार्किंगच्या फरशीवर हनुवटीवर आपटलो. तेव्हा अंबडचा माझा टर्नर मित्र कामी आला. त्याने दोन्ही नळ्यांचं माप घेतलं, लेथवर नायलॉनचा बुश, म्हणजे फटीत घट्ट बसणारी बांगडी, काढला, नळ्यांमध्ये बसवला आणि बटणाच्या जागी आरपार बोल्ट टाकून चेकनट लावला. खडखड थांबली. खालच्या रबराचंही तसंच. नळीची धार रबराला आतून कापते आणि पंधरा दिवसांत ते फाटतं. त्याने आत एकेक स्टीलचा वॉशर टाकून दिला, तर रबर दोन महिने टिकायला लागलं. मुठीवर क्रिकेटच्या बॅटची ग्रिप चढवली, त्यावर टेप. तरी पहिल्या महिन्यात तळहातांना चार वेळा फोड येऊन फुटले. नाशकात हात चालवणारी एवढी माणसं आहेत याचा मला त्या दिवसांत फार आधार वाटला. कुणाला पैसे विचारले की, "आधी खेळून तर बघ," एवढंच उत्तर.

हे सगळं झालं, पण मैदानावर जाऊन पाय काढायचं जमेना. पाथर्डी फाट्याच्या पुढे आमच्या ओळखीचा एक मोकळा प्लॉट आहे, काळ्या मातीचा, कडेला बाभळी. तीन रविवार मी तिथे गेलो आणि कृत्रिम पाय घालूनच कुबड्यांवर फिरून परत आलो. कडेच्या रस्त्याने माणसं फिरायला जात होती. चौथ्या रविवारी लेक हट्ट करून बरोबर आली. तेव्हा ती आठ वर्षांची होती. मी दगडावर बसलो, पाय सोडवला, स्टंपचा, म्हणजे कापलेल्या पायाच्या टोकाचा, मोजा उतरवला आणि घाम पुसत नुसता बसून राहिलो. तिने तो पाय उचलला, बुटासकट मांडीवर घेतला आणि म्हणाली, "बाबा, मी धरते. तू जा."

मी गेलो.

कुबड्यांवर लाथ कशी मारतात हे सांगितल्याशिवाय हा खेळ कळणार नाही. दोन पायांच्या माणसाचा एक पाय रोवलेला असतो आणि दुसरा मारतो. इथे मारायचा पाय आणि उभं राहायचा पाय एकच. म्हणजे मारण्याच्या क्षणी जमिनीवर पायच नाही. दोन्ही कुबड्या चेंडूच्या जरा मागे, खांद्यांपेक्षा थोड्या रुंद रोवायच्या. सगळं वजन मुठींवर घ्यायचं, कोपरं ताठ. मग घंटेचा लोलक झुलतो तसा पाय दोन कुबड्यांमधून मागून पुढे सोडायचा. कमरेपासून, नुसत्या गुडघ्यातून नाही. कुबड्या पुढे रोवल्या तर चेंडू हवेत जातो आणि आपण पाठीवर. मागे रोवल्या तर तोंडावर. आणि चेंडू गेल्यावर तो पाय परत जमिनीवर कुठे पडणार हे आधी ठरलेलं असावं लागतं. पहिल्या दिवशी मी वीसेक वेळा मारला. अकरा वेळा पडलो. हा हिशोब लेकीने ठेवला होता.

त्यात माझा राहिलेला पाय डावा. चाळीस वर्षं ज्याचं काम फक्त रोवून उभं राहायचं, त्याला आता चेंडू अडवायला, वळवायला, पास द्यायला शिकवायचं होतं. मेंदू अजूनही हुकूम उजव्यालाच सोडायचा. चेंडू उजवीकडून आला की नसलेला पाय पुढे यायचा, आणि तोवर चेंडू निघून गेलेला असायचा. ही सवय मोडायला मला पाच महिने लागले.

माणसं एकेक करून जमली. एक जण सिन्नरहून एसटीने यायचा. मधुमेहात पाय गेलेला, वय पन्नासच्या पुढे. एक कॉलेजचा मुलगा, हाडाच्या कॅन्सरने मांडीपासून पाय गेलेला. तो आमच्यातला सगळ्यात वेगवान, कारण शरीर हलकं आणि त्याला कृत्रिम पायाची सवयच लागली नव्हती. गोलकीपर मात्र सगळ्यात आधी मिळाला, आणि त्याचं मला वाईट वाटलं. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं, पंजे गेलेली माणसं शोधावी लागत नाहीत. आमच्या या गोलकीपर काकांचा डावा हात मनगटाच्या वरून गेला आहे. रात्रपाळी, सेन्सर बंद, उत्पादन अडू नये म्हणून तसंच चालू ठेवलेलं मशीन. नुकसानभरपाई मिळाली ती तुटपुंजी, आणि कोणत्या कागदावर सही केली ते त्यांना आजही सांगता येत नाही. पेटी सोडायची नाही हा नियम मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, "एका जागी उभं राहायची सवय आहे मला. बावीस वर्षं प्रेसपुढे उभा होतो." उजवीकडचा चेंडू ते पंजाने बाहेर ढकलतात. डावीकडचा आला की हात आडवा न घालता सगळं अंग टाकतात, खांद्यावर चेंडू घेतात.

२७ फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट. तात्यासाहेब शिरवाडकरांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी नाशकात कार्यक्रमांची रांग असते. लेकीच्या शाळेतही होता, आणि मी तिला कविता पाठ करून दिली होती. त्या रात्री पॅरिसमध्ये फिफाचे पुरस्कार होते. वर्षातल्या सर्वात सुंदर गोलचा पुश्काश पुरस्कार पोलंडच्या मार्चिन ओलेक्सीला मिळाला. रस्त्याच्या कामावर असताना २०१० मध्ये गाडीने उडवलं आणि त्याचा पाय गेला. उडालेला चेंडू हवेतच, अंग मागे झोकून डोक्यावरून मारलेला त्याचा गोल आम्ही सगळ्यांनी किती वेळा पाहिला ते मोजता येणार नाही. त्याच्याबरोबर शेवटच्या तिघांत फ्रान्सचा पायेत आणि ब्राझीलचा रिशार्लिसन होते. दोन पायांच्या खेळाडूंसोबत, त्याच तराजूत तोलून त्याला पहिला ठरवलं गेलं. दिव्यांग गटासाठी वेगळं बक्षीस ठेवलं नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. सिन्नरचे दादा दुसऱ्या रविवारी आले ते तसाच गोल मारायचा म्हणून. आम्ही त्यांना थांबवलं.

पावसाळ्यात काळी माती काय असते ते शेतकऱ्याला विचारा आणि त्याच्या खालोखाल आम्हाला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुबडी रोवली आणि उपसली, तर रबर चिखलातच राहिलं आणि उघडी नळी पुढच्या पावलाला वीतभर आत गेली. मी कुबडीसकट गरगर फिरलो. हाताने माती उकरून रबर काढलं. तेव्हापासून चार महिने आम्ही एका मंगल कार्यालयाच्या सिमेंटच्या अंगणात खेळलो, लग्नाची तारीख नसेल तेव्हा. सिमेंटवर पडलं की कोपरं सोलतात, पण पास अचूक होतात. चेंडू नको तिथे उसळतो, त्यामुळे पहिला स्पर्श हलका ठेवायला शिकलो.

मग २०२४ च्या जानेवारीत एका निवड शिबिराचा निरोप आला. परदेशातल्या स्पर्धेसाठी खेळाडू पाहणार होते. आपल्याकडे हा खेळ केरळातल्या मुलांनी उचलून धरला आहे, आणि शिबिरही तिकडेच, मलबारात. कागदपत्रं आधीच मागवली होती: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), कापलेल्या पायाचा वैद्यकीय दाखला, पासपोर्ट. पासपोर्टसाठी मी दोन चकरा मारल्या, काम झालं. निवड झाली तर विमानाचं भाडं ज्याचं त्याने उभं करायचं, हेही आधीच स्पष्ट केलं होतं. हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये नाही. अंधांचा फुटबॉल २००४ पासून आहे, हा नाही. ज्या खेळाला पदकाची वाट नाही, त्याच्या खेळाडूला दारोदार जावं लागतं. मला हे चूक वाटतं आणि मी ते जिथे तिथे बोलतो.

कॉलेजचा मुलगा आणि मी नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसने निघालो, दिव्यांगांच्या डब्यातून. कोकण रेल्वेचे बोगदे, मग मंगळुरू, मग खिडकीबाहेर जिकडे तिकडे नारळ. मलबारात सेव्हन्स फुटबॉलचं वेड पिढ्यानपिढ्या आहे. सात-सात जणांचे सामने, रात्री दिव्यांखाली, गावंच्या गावं बघायला. आमचाही खेळ सातांचाच. त्यामुळे तिथल्या माणसांना आम्हाला पाहून नवल वाटलं नाही. चहावाल्याने पहिला प्रश्न विचारला, "विंग की डिफेन्स?"

सकाळी मैदानावर पोचलो तेव्हा कडेच्या भिंतीला वीस-पंचवीस कृत्रिम पाय टेकून ठेवलेले होते, ओळीने, प्रत्येकात बूट. कुणाचा काळा फॉर्मल, कुणाची चप्पल, एकाच्या पायात शाळेचा पांढरा कॅनव्हास. काही गुडघ्याखालचे, काही पूर्ण मांडीपासूनचे, काहींवर मालकाचं नाव मार्करने लिहिलेलं. मी उभा राहून ते पाहिले. मग माझा सोडवला, मोजा आत खोचला आणि त्यांच्या शेजारी टेकवला. मला कुणाकडे पाहावंसं वाटलं नाही, आणि माझ्याकडेही कुणी पाहत नव्हतं. सगळे वॉर्मअपला गेले होते.

पहिल्या सामन्यात मी सतरा मिनिटं खेळलो. तिथली पोरं कुबडी पुढे टाकत नाहीत, फेकतात. दोन कुबड्या पुढे, पायाची एक झेप, पुन्हा दोन कुबड्या, आणि चेंडू झेपेच्या मध्येच पुढे सरकवलेला. मी चेंडूपाशी पोचून थांबत होतो, मग मारत होतो. ते थांबतच नव्हते. माझ्याकडून चेंडू गेला की जायचाच. एका बचावपटूने मध्यंतरात पाणी देता देता मोडक्या हिंदीत सांगितलं, "भाई, नीचे मत देखो. पैर एक ही है, खो नहीं जाएगा." दुसऱ्या डावात मान वर ठेवली. डावीकडून धावणाऱ्या आमच्या कॉलेजच्या मुलाला एक पास दिला, तीस फुटांचा, मातीला घासून गेलेला, बरोबर त्याच्या पुढच्या झेपेत पडलेला. त्याने तो गोलमध्ये घातला. पाय कापल्यापासूनच्या अडीच वर्षांत माझ्या शरीराने इतकं नेमकं काम केलं नव्हतं.

माझी निवड झाली नाही. त्याची राखीव यादीत झाली. भाड्याचे पैसे उभे करायला दीड महिना होता. सोसायटीने काही दिले, कामावरच्यांनी वर्गणी काढली, टर्नर मित्राने एका महिन्याचा ओव्हरटाइम दिला. शेवटी राखीव खेळाडूंना न्यायचं नाही असं ठरलं. पैसे ज्याचे त्याला परत केले. टर्नरने घेतले नाहीत. त्यातून सरावासाठी पाच मीटर रुंदीचे दोन लोखंडी गोलपोस्ट बनले. वेल्डिंग सातपूरला झालं, रंग आम्ही लावला. मुलगा त्या दोन महिन्यांत माझ्याशी फारसं बोलला नाही. सरावाला मात्र एकदाही चुकला नाही.

आता आम्ही मैदानातले पाच आणि गोलकीपर काका. सहावा मिळाला की एक बाजू पूर्ण होते, आणि बारा झाले की नाशकातच सामना लावता येतो. काकांना बदली गोलकीपरही हवा आहे. त्यांचं खांद्याचं दुखणं वाढलंय. तुमच्या घरात, कंपनीत, गावात कुणाचा पाय किंवा हात गेलेला असेल, तर त्यांना रविवारी सकाळी साडेसहाला पाथर्डी फाट्याच्या पुढच्या मोकळ्या प्लॉटवर पाठवा. काखेतल्या कुबड्या आणू नका. कोपराच्या नसतील तर आमच्याकडे दोन जोड्या जादा आहेत, बुश बसवलेल्या. काढलेला पाय सांभाळायला माझी लेक असते.